डेक आणि पोर्च भिंतीपाशी कुजू नये म्हणून: फ्लॅशिंग बसवण्याची पूर्ण पद्धत

लाकडी डेक, म्हणजे घराला लागून उभारलेला फळ्यांचा ओटा, उघड्यावरच असतो. पावसात भिजतो, उन्हात वाळतो, आणि एवढ्यानं त्याचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते भिंतीपाशी. तिथे घराच्या भिंतीला एक जाड आडवी फळी बोल्टनं आवळलेली असते. तिला लेजर म्हणतात. डेकचे जॉइस्ट, म्हणजे ज्यांच्यावर चालायच्या फळ्या बसतात ते वासे, एका टोकाला या लेजरवर टेकलेले असतात. डेकचा जवळजवळ अर्धा भार ही एकच फळी पेलते. पाऊस भिंतीवर आपटतो, ओघळ खाली येतात आणि लेजरच्या वरच्या कडेवर थांबतात. तिथून पुढे पाण्याला सगळ्यात सोपी वाट असते ती लेजर आणि भिंत यांच्यामधल्या फटीची. त्या फटीत ऊन जात नाही, वारा जात नाही, आणि वरून काही दिसतही नाही.

फ्लॅशिंग म्हणजे या फटीवर धरलेलं पत्र्याचं किंवा पीव्हीसीचं छप्पर. काम साधं, हातभर रुंदीचंही नाही, पण डेक पूर्ण झाल्यावर ते करायचं तर निम्मा डेक उचकटावा लागतो. म्हणून पहिला जॉइस्ट लावण्याआधीच ते नीट समजून घ्यावं.

पाणी नेमकं कसं शिरतं

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातल्या पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर ती वाढत नाही. साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या वर गेलं की ती जोमानं पसरते. उघड्यावरची फळी एका पावसानं ३० टक्क्यांच्या पुढे जाईलही, पण दोन-चार दिवसांत वाळून खाली येते. लेजरच्या मागची बाजू मात्र एकदा भिजली की आठवडेच्या आठवडे ओली राहते. नुकसान पाण्यापेक्षा या न वाळण्यामुळे जास्त होतं.

पाणी शिरायचे मार्ग तीन. पहिला सरळ वरून खाली. दुसरा केशाकर्षणाचा: दोन पृष्ठभागांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट असली की पाणी त्यात ओढलं जातं, प्रसंगी वरच्या दिशेनंही चढतं. घट्ट आवळलेली लेजर आणि भिंत यांच्यामध्ये नेमकी अशीच फट असते. तिसरा मार्ग नवख्यांच्या लक्षात येत नाही. पत्र्याच्या कडेला आलेला थेंब लगेच खाली पडत नाही. पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटून तो मागे, लाकडाकडे सरकतो. म्हणून पत्र्याची पुढची कड बाहेरच्या बाजूला थोडी मुडपावी लागते. वळचणीची पागोळी जशी भिंतीपासून दूर पडते, तसा थेंब लाकडापासून सुटून पडला पाहिजे.

या तिन्हींवर उत्तर एकच: वरचा थर कायम खालच्या थराच्या अंगावर यायला हवा, कौलं शाकारताना येतो तसा. कुठल्याही जोडाशी आलात की स्वतःला विचारा, वरून ओघळ आला तर तो बाहेर पडेल की आत? आत पडणार असेल तर तो जोड उलटा आहे. त्यावर कितीही सीलंट भरलं तरी तो उलटाच राहतो, कारण सीलंट काही वर्षांत आकसतं, एका बाजूनं सुटतं, आणि मग तीच फट पाणी धरून ठेवायला लागते.

पत्रा कोणता घ्यावा

बाहेरच्या कामाचं लाकूड आता बहुतेक ठिकाणी तांबेयुक्त रसायनांनी प्रक्रिया केलेलं मिळतं. हे तांबं ॲल्युमिनियमला खातं. साधं ॲल्युमिनियम अशा ओल्या लाकडाला थेट टेकलं तर त्याला आधी पांढरट भुकटी सुटते, मग टाचणीएवढी भोकं पडतात, आणि वरून पत्रा शाबूत दिसत असताना खाली पाणी गळत असतं. पातळ जस्ताच्या थराचा पत्राही असाच लवकर जातो.

चांगले पर्याय असे. स्टेनलेस स्टील सगळ्यात निर्धास्त, पण वाकवायला कठीण. तांब्याचा सुमारे ०.५५ मिमी जाडीचा पत्रा हातानं छान वळतो आणि टिकतोही फार. त्याला खिळेही तांब्याचे किंवा स्टेनलेसचेच लावावेत, आणि त्यावरून निथळलेलं पाणी ॲल्युमिनियमच्या किंवा जस्ताच्या पन्हळीत पडू देऊ नये, ती पन्हळ झिजते. जस्ताचा पत्रा घ्यायचाच तर जाड लेपाचा, जी १८५ दर्जाचा घ्यावा. पीव्हीसीचं तयार फ्लॅशिंग गंजत नाही, मात्र उन्हाळ्या-हिवाळ्यात बरंच लांबतं-आखडतं. ५० अंशांच्या फरकात ३ मीटरचा तांब्याचा पत्रा सुमारे अडीच मिमी वाढतो, तेवढंच पीव्हीसी त्याच्या तिपटीहून जास्त. त्यामुळे पीव्हीसीला दोन्ही टोकांनी घट्ट ठोकलं तर ते मध्ये फुगून लेजरपासून सुटतं.

ॲल्युमिनियमच हाताशी असेल तर ते आणि लाकूड यांच्यामध्ये ब्यूटिलची (एक प्रकारच्या रबराची) चिकटपट्टी पूर्ण रुंदीनं घालावी, धातू लाकडाला कुठेही टेकता कामा नये. तरीही नव्यानं पत्रा विकत घेत असाल तर ॲल्युमिनियम घेऊच नका. पत्रा एकदा बसला की तो पुन्हा बाहेर काढण्याचा खर्च आणि त्रास त्या बचतीच्या कितीतरी पट असतो.

चिकटपट्ट्या दोन जातीच्या मिळतात. डांबरी पट्टी स्वस्त, पण कडक उन्हात मऊ पडून ओघळते, आणि थंडीत, साधारण ५ अंशांच्या खाली, नीट धरत नाही. शिवाय मऊ पीव्हीसीशी तिचं जमत नाही, दोन्ही एकमेकांना लागले की चिकट राडा होतो. ब्यूटिल दोन्ही टोकांच्या हवेत बरं वागतं. डेकसाठी ब्यूटिलच घ्यावं.

किती साहित्य लागेल

समजा लेजर ४ मीटर लांब, १९० मिमी उंच आणि ३८ मिमी जाड आहे, जॉइस्ट ३ मीटर लांबीचे आणि ४०० मिमी अंतरानं आहेत. त्यासाठी साधारण हे लागेल:

२०० मिमी रुंद पत्रा, ३ मीटरचे २ तुकडे
३०० मिमी रुंद चिकट मेम्ब्रेन, म्हणजे जलरोधक पट्टा, ५ मीटर (लेजरच्या मागे)
१०० ते १५० मिमी रुंद ब्यूटिल पट्टी, ५ मीटर (पत्र्याच्या वरच्या कडेवर)
जॉइस्टवर लावायची सुमारे ४२ मिमी रुंद पट्टी, ३३ मीटर (११ जॉइस्ट), म्हणजे २० मीटरची २ रिळं
दुहेरी तुळईसाठी ८० मिमी रुंद पट्टी, ४ मीटर
लेजरखालच्या साइडिंगच्या (भिंतीला बाहेरून लावलेल्या आवरणाच्या) कडेसाठी लहान झेड आकाराची पट्टी, ४ मीटर
रुंद डोक्याचे गंजरोधक खिळे, २० नग
चांगल्या सीलंटची ३०० मिलीची १ नळी. ६ मिमी जाडीची धार सोडली तर साधारण १० मीटर पुरते
कापलेल्या टोकांना लावायचं तांबेयुक्त लाकूडरक्षक, लहान डबा

हत्यारांत पत्रा कापायची कात्री, वाकवायला दोन सरळ पट्ट्या आणि क्लॅम्प, स्पिरिट लेव्हल, सूत, धारदार चाकू आणि रबरी रोलर. रोलर वगळू नका. या पट्ट्या दाबानं चिकटतात, नुसत्या हातानं चेपल्या तर खाली हवेचे बुडबुडे राहतात.

पत्र्याची मापं आधी कागदावर काढा

तयार मिळणाऱ्या बऱ्याच फ्लॅशिंगची उभी बाजू ५० मिमीचीच असते, आणि ती अपुरी पडते. हिशेब असा. लेजरच्या माथ्यावर डेकची फळी येते, ती ३८ मिमी जाड धरू. फळीच्या वर साइडिंगची खालची कड किमान २५ मिमी अधांतरी ठेवायची, नाहीतर उडालेले शिंतोडे तिच्यात मुरतात. त्याच्याही वर पत्रा साइडिंगच्या मागे निदान ५० मिमी गेला पाहिजे. बेरीज झाली ११३. म्हणून उभी बाजू १२५ मिमी घ्या. आडवी बाजू लेजरची जाडी अधिक थोडी मोकळीक, म्हणजे ४२ मिमी. पुढे खाली उतरणारी बाजू २५ मिमी, आणि तिची शेवटची ८ मिमी कड बाहेर मुडपलेली. १२५, ४२, २५ आणि ८ मिळून बरोबर २०० होतात.

उभी आणि आडवी बाजू यांच्यातला कोन काटकोनापेक्षा किंचित मोठा ठेवा, पुढची कड मागच्यापेक्षा २-३ मिमी खाली राहील इतका. उतार नाममात्र असला तरी चालेल, भिंतीकडे मात्र तो चुकूनही नको. वाकवल्यावर स्पिरिट लेव्हल आडवी धरून एकदा बघून घ्या.

काम सुरू करण्याआधी भिंतीची तपासणी

जिथे लेजर येणार तिथलं साइडिंग काढा, लेजरच्या वर २०० मिमी आणि खाली ५० मिमीपर्यंत. साइडिंगवरूनच लेजर ठोकणं ही फार सर्रास दिसणारी चूक आहे. साइडिंग दाबलं जातं, लेजर पुढे कलते, बोल्टवर वाकडा ताण येतो आणि मागे पाण्यासाठी आयती पोकळी तयार होते.

आतलं शीदिंग (साइडिंगच्या मागचं प्लायसारखं अस्तर) आणि त्यामागची घराची कडेची तुळई स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. हाताच्या जोरानं टोक पाच-सहा मिमी आत गेलं तर तो भाग कुजलाय. ठोकून ऐका: निरोगी लाकूड टणटण वाजतं, कुजलेलं भद्द. कुजकं लाकूड बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण बोल्ट शेवटी त्यालाच धरणार आहेत.

भिंत बाहेरून विटांची दिसत असेल तर ती भरीव भिंत आहे की लाकडी चौकटीसमोर उभी केलेली विटांची पातळ दर्शनी भिंत आहे, हे आधी पक्कं करा. दर्शनी भिंत फक्त स्वतःचं वजन पेलते. तिच्यात लेजर कधीही बसवू नये. अशा घरी डेक स्वतःच्या खांबांवर वेगळा उभा करावा आणि भिंतीपासून २५ ते ५० मिमी मोकळा ठेवावा. मग फ्लॅशिंगचा प्रश्नच उरत नाही. खरं तर शंका असेल तिथे स्वतंत्र डेक हाच जास्त भरवशाचा मार्ग आहे.

दाराच्या उंबरठ्याची उंचीही आत्ताच ठरते. डेकचा पृष्ठभाग उंबरठ्याच्या किमान ५० मिमी खाली ठेवा; बर्फ साचत असेल किंवा वाऱ्यासोबत झड येत असेल तर १०० ते १५० मिमी. डेक आणि घरातली जमीन एका पातळीत सुंदर दिसते, पण साचलेलं पाणी मग थेट उंबरठ्याखाली जातं.

बसवण्याचा क्रम

१. घराच्या भिंतीवर शीदिंगच्या बाहेर जलरोधक कापड असतं, त्याला हाउस रॅप म्हणतात. लेजरच्या माथ्याच्या रेषेपासून १५० मिमी वर त्याला आडवा छेद द्या. वरच्या कापडाची कड उचलून टेपनं वर तात्पुरती चिकटवून ठेवा. ही उचललेली कड शेवटी सगळ्यांच्या वरून खाली येणार आहे.

२. लेजरच्या खालच्या साइडिंगच्या वरच्या कडेवर लहान झेड पट्टी बसवा. लेजरच्या मागे कधीकाळी पाणी गेलंच तर ते या पट्टीवरून साइडिंगच्या बाहेर पडेल. बरेच जण हा टप्पा सोडतात आणि मग वरची फ्लॅशिंग चांगली असूनही खालची भिंत ओली का, याचा शोध घेत बसतात.

३. भिंत कोरडी आणि धूळमुक्त करा आणि ३०० मिमीचं मेम्ब्रेन चिकटवा. त्याची खालची कड झेड पट्टीच्या उभ्या बाजूवर आली पाहिजे. १९० मिमीच्या लेजरसाठी खाली ५० आणि वर ६० मिमी उरतं. लेजर जास्त उंच असेल तर दोन पट्टे लावा. आधी खालचा, मग त्यावर ७५ मिमी चढवून वरचा. खरबरीत प्लाय किंवा काँक्रीटवर आधी प्रायमर फिरवा. संपूर्ण पट्टी रोलरनं दाबून घ्या.

४. लेजरच्या दोन्ही टोकांना आणि प्रत्येक भोकाला लाकूडरक्षक लावा. प्रक्रिया केलेल्या लाकडातही रसायन गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं. कापलं किंवा भोक पाडलं की आतलं कच्चं लाकूड उघडं पडतं. टोकाकडून तर पाणी अंगापेक्षा कितीतरी वेगानं शोषलं जातं.

५. लेजर सुतात धरून १२ मिमीच्या गंजरोधक बोल्टनं किंवा लॅग स्क्रूनं बसवा, वर-खाली अशा दोन ओळींत आलटून पालटून. नेमकं अंतर जॉइस्टच्या लांबीवर ठरतं. ते तुमच्या भागातल्या बांधकाम नियमांच्या तक्त्यावरून घ्या, अंदाजानं नको. बोल्ट आत घालण्याआधी भोकात सीलंटची एक पिचकारी मारा. नुसते खिळे इथे कधीही चालत नाहीत, लाकूड आकसतं आणि खिळे हळूहळू उपटून येतात.

६. आता पत्रा. ४ मीटरसाठी दोन तुकडे लागतात आणि त्यांचा एकमेकांवर चढाव १०० मिमी असावा. चढावात सीलंटच्या दोन समांतर धारा सोडा, एकमेकींपासून साधारण २५ मिमीवर. त्या भागात खिळा मारू नका, पत्र्याला सरकायला जागा लागते. वाऱ्याची झड कोणत्या बाजूनं येते ते बघून वरचा तुकडा त्या बाजूचा ठेवा.

७. दोन्ही टोकांना पत्रा २५ मिमी जास्तीचा ठेवा आणि आडव्या बाजूचा तेवढा भाग कापून वर दुमडा. लेजरच्या टोकापुढेही साइडिंग चालूच असतं. ही छोटी उभी कड नसेल तर पाणी पत्र्यावरून आडवं वाहत जाऊन थेट त्या साइडिंगच्या मागे उतरतं.

८. खिळे फक्त उभ्या बाजूच्या वरच्या कडेला, दर ३०० मिमीवर. आडव्या बाजूत एकही भोक पडता कामा नये. पत्र्याच्या वरच्या कडेवर ब्यूटिल पट्टी अशी लावा की अर्धी पत्र्यावर आणि अर्धी भिंतीवर येईल. खिळ्यांची डोकीही तिच्याखाली झाकली जातात.

९. वर धरून ठेवलेली हाउस रॅपची कड सोडा आणि पत्र्यावरून खाली येऊ द्या. तिची खालची कड टेपनं बंद करू नका. भिंतीच्या आतून आलेलं पाणी तिथूनच बाहेर पडणार आहे. शेवटी साइडिंग परत लावा, डेकच्या फळीच्या वर २५ मिमी मोकळी जागा सोडून. तिथेही सीलंट भरायचं नाही. नवखा माणूस ही उघडी फट बघून अस्वस्थ होतो आणि ती बुजवून टाकतो. पाण्याला घातलेला तो बांधच ठरतो.

जॉइस्ट आणि पहिली फळी: इथे बहुतेक गडबड होते

जॉइस्टचा माथा लेजरच्या माथ्याशी सपाट असतो. पत्र्याची खाली उतरणारी बाजू मात्र लेजरच्या पुढच्या अंगावर हवी, म्हणजे ती जॉइस्टच्या वाटेत येते. घाईत लोक ती बाजू सरळ कापून टाकतात, आणि पाणी लेजर व जॉइस्टच्या सांध्यात, जॉइस्ट हँगरच्या (जॉइस्टचं टोक लेजरला धरून ठेवणाऱ्या धातूच्या खोबणीच्या) खिळ्यांवर पडत राहतं.

बरोबर पद्धत थोडी चिकाटीची आहे. लेजरवर प्रत्येक जॉइस्टची जागा आधी आखून ठेवा. ३८ मिमीच्या जॉइस्टसाठी दोन्ही बाजूंना २ मिमी धरून ४२ मिमी अंतरावर पत्र्याच्या पुढच्या बाजूला दोन उभे काप द्या, वाकाच्या रेषेपर्यंतच, पुढे नाही. दोन कापांमधली जीभ उचलून सपाट करा. जॉइस्ट बसला की ती जीभ त्याच्या माथ्यावर पसरून राहते, दोन बाजूंचे पदर खाली लोंबतात. अर्ध्या मिमीच्या पत्र्यानं फळी वर उचलली जात नाही. कापाच्या कोपऱ्यावर नखाएवढा ब्यूटिलचा तुकडा दाबला की काम झालं.

जॉइस्टच्या माथ्यावर चिकटपट्टी लावताना तिचं भिंतीकडचं टोक या जिभेच्या खाली घाला. वरचं खालच्यावर, हाच नियम इथेही. पट्टी दोन्ही कडांना दीड-दोन मिमी बाहेर आली तर उत्तम, कारण फळ्यांच्या फटीतून आलेलं पाणी कडेवरून निथळून जातं. स्क्रू या पट्टीतून आरपार जातात तेव्हा ब्यूटिल स्क्रूभोवती आवळून बसतं. दुहेरी तुळईच्या दोन फळ्यांमधली फट तर आवर्जून झाका. केशाकर्षणाचं याहून ठळक उदाहरण डेकवर सापडणार नाही, अशा तुळया मधूनच कुजत जातात आणि बाहेरून कळतही नाही.

पहिली फळी भिंतीपासून ६ ते १० मिमी दूर ठेवा. स्क्रू मारताना नीट बघा. १४० मिमी रुंद फळीला नेहमीप्रमाणे कडेपासून २५ मिमीवर स्क्रू मारला तर तो नेमका लेजरवरच्या पत्र्यात घुसतो, आणि प्रत्येक जॉइस्टवर एक याप्रमाणे अकरा भोकं पडतात. म्हणून या फळीचा भिंतीकडचा स्क्रू भिंतीपासून ८० मिमीच्या पुढे घ्या म्हणजे तो जिभेच्याही पलीकडे, थेट जॉइस्टमध्ये जातो. बाकीच्या फळ्यांमध्ये ३ ते ६ मिमी फट पुरते.

दार, जिना, खांब

दाराच्या खाली पत्र्याची उभी बाजू उंबरठ्यामुळे १२५ मिमी वर जाऊ शकत नाही. तिथे दार बसवण्याआधी एक उथळ तबकडीसारखं पॅन लागतं: मागची कड सुमारे २० मिमी उभी, दोन्ही बाजू चौकटीवर १०० मिमी चढलेल्या, पुढची कड लेजरच्या पत्र्यावरून खाली उतरलेली. दार आधीचंच असेल तर पत्रा उंबरठ्याच्या ओठाखाली जितका सरकेल तितका सरकवा, आणि दाराच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांत ताणली जाणारी ब्यूटिल पट्टी लावा. कोपरा सरळ पट्टीनं झाकता येत नाही, तिथे टाचणीएवढं छिद्र उरतंच.

जिन्याचे तिरके वासे डेकच्या कडेच्या फळीला घट्ट चिकटवले की मागे ओल धरते. तिथेही वर एक लहान एल पट्टी बसवा. खांब काँक्रीटवर थेट उभा करू नका. २५ मिमी उचलून धरणारी धातूची बैठक घ्या, कारण खांबाचं खालचं टोक पाणी वर ओढत राहतं.

छप्पर असलेला पोर्च

पोर्चचं छप्पर भिंतीला टेकतं त्या रेषेवर सलग एकच पत्रा लावून भागत नाही, निदान उतरत्या कडेला तरी. तिथे लहान लहान तुकड्यांचं स्टेप फ्लॅशिंग हवं: १०० मिमी भिंतीवर, १०० मिमी छपरावर, छपराच्या प्रत्येक ओळीला एक तुकडा, वरचा खालच्यावर निदान ५० मिमी चढवलेला. एखादा तुकडा निसटला तरी गळती तेवढ्यापुरती राहते. छपराच्या उतरत्या टोकाला, पन्हळीच्या वर, पाणी भिंतीपासून बाहेर फेकणारा किक-आउट तुकडा लागतो. तो नसला की छपराच्या त्या सगळ्या रेषेचं पाणी एकाच जागी भिंतीत उतरतं. खाली डेकचं लेजर असेल तर सगळा मारा त्याच्या टोकावर होतो.

भरीव विटांच्या किंवा दगडी भिंतीत पत्रा मागे सरकवायला जागाच नसते. तिथे सांध्यातल्या चुन्या-सिमेंटमध्ये २० ते २५ मिमी खोल खाच कापा. पहिला पत्रा लेजरवर नेहमीप्रमाणे, आणि दुसऱ्या पत्र्याची वरची कड या खाचेत घालून तो पहिल्यावर ५० मिमी तरी लोंबू द्या. खाचेत दर ४०० मिमीवर दुमडलेल्या पत्र्याची पाचर ठोका, मग वरून सीलंट भरा. वीट कापू नका, सांधाच कापा; वीट फुटली तर नवी फट तयार होते.

पाणी मारून बघा

पहिल्या फळ्या बसवण्याआधी नळी लावा. जोराची धार नको, पावसासारखी सौम्य. सुरुवात खालून: आधी लेजरच्या पुढच्या अंगावर १० ते १५ मिनिटं, मग पत्र्यावर, मग साइडिंगवर, शेवटी दाराच्या कोपऱ्यांवर. वरून सुरू केलं तर गळती कुठली तेच कळत नाही, कारण सगळंच ओलं होतं. डेकखाली एक माणूस टॉर्च घेऊन लेजरच्या मागची बाजू बघत असावा, घरात दुसरा. पत्र्यावर पाणी मारताना लेजरच्या खालच्या कडेवर थेंब धरले तर बहुधा मुडपलेली कड कमी पडतेय, पाणी पत्र्याखालून मागे येतंय.

डेक जुना आहे आणि फ्लॅशिंगच नाही

भिंतीलगतच्या दोन फळ्या काढा. लेजरचा माथा, जॉइस्टची टोकं आणि हँगर साफ करून स्क्रू ड्रायव्हरनं दर ३०० मिमीवर टोचा. बोल्टची डोकी गंजून पिवळट-तांबड्या ओघळांसारखी दिसत असतील तर एक बोल्ट काढून बघा. बाहेरून ठीक दिसणारा बोल्टही भिंतीच्या आत अर्धा झिजलेला निघू शकतो. लेजर मऊ लागली, एका टोकाला जरी, तर तिच्यावर पत्रा चढवू नका. डेकला खालून टेकू द्या, त्यावर कोणाला जाऊ देऊ नका आणि लेजर बदला. लेजर पक्की असेल तर साइडिंगची खालची ओळ सैल करून पत्रा हाउस रॅपच्या मागे सरकवता येतो. जॉइस्ट आधीच जागेवर असल्यानं जिभांचे काप पत्रा बाहेर धरून एकेक मापून द्यावे लागतात. ४ मीटरला पूर्ण एक दिवस धरा.

पुढे दर वर्षी पावसाळ्याआधी भिंत आणि पहिली फळी यांच्यामधली फट पातळ पट्टीनं साफ करा. पानं आणि माती तिथे साठली की ती ओल्या स्पंजसारखी पत्र्यावर बसून राहते. टोकांच्या उभ्या कडा बघा, दाराखालचे कोपरे बघा, आणि डेकखाली जाऊन लेजरच्या खालच्या काठावर काळे डाग वाढलेत का ते बघा. डाग मागच्या वर्षीपेक्षा लांब झाला असेल तर त्याच्या सरळ वरची फळी उचला.